उपरण्याखाली

हरणाबाईनं पदर खोचला आणि उजवा हात केरबाच्या उपरण्याखाली घातला, तशी जतच्या मेंढीबाजारातली भोवतालची बडबड थांबली.

केरबा म्हातारा हेडी. मेंढरं घेता-विकता त्याचे केस पिकले होते. या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार, अख्खा पंजा म्हणजे पाच; भाव दहाच्या वर गेला की आधी दहाचं एक बोट, मग वरचे हजार. बाईमाणसानं तोवर लिंबाखाली मेंढरांची दावी धरून उभं राहायचं.

"वैनी, हात काडा भाईर," तिचा दीर नाथाजी दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं बगत्यात."

"बगू द्या की भावजी. मेंढरं माजी हायती."

नवरा गेल्यापासून चार वर्षं तिचा सौदा नाथाजीच करायचा आणि झालेला भाव तिला येऊन सांगायचा. तो खोटं बोलतो असं तिचं म्हणणं नव्हतं. खरं बोलतो, हेही तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

"तोंडानं सांग बाई, काय पायजे ते," केरबा म्हणाला. त्याचा हात अजून गुडघ्यावरच होता.

"तोंडी भाव एकदा फुटला की त्याच्या वर कोन चडतंय, आण्णा?"

केरबानं इकडंतिकडं पाहिलं, तळवा धोतराला पुसला आणि उपरण्याखाली तिचा हात धरला.

बोटांची ही भाषा तिला नवऱ्यानं, आप्पासोनं शिकवली होती. बाजारातून आला की पाणी प्यायच्या आधी तो तिचा हात घ्यायचा, बोटं दाबायचा आणि म्हणायचा, "वळक." ती कधीकधी मुद्दाम चुकायची. मग तो पुन्हा दाबायचा. आता लेक आष्ट्याला नांदत होती, रविवारी फोन करायची. बाकी दिवसभर हरणाबाईचं बोलणं व्हायचं ते मेंढरांशी, आणि मेंढरं काही कुणाला उत्तर देत नाहीत.

केरबानं आधी एक बोट दाबलं, मग चार. मेंढ्यामागं चौदा हजार. गेल्या साली नाथाजीनं अकरा सांगितले होते. चौदाला हसत द्यायचं, असं घरून निघतानाच तिनं ठरवलं होतं.

पण पहिल्याच बोलीला चौदा आले, म्हणून तिनं मान हलवली. नाही.

केरबानं भुवई उंचावली. एक बोट, मग अख्खा पंजा.

ती त्याच्या चेहऱ्याकडं पाहत नव्हती. हात खरबरीत होता, उन्हानं तापलेला, आणि अंगठ्याखाली दोरीचा घट्टा होता. आप्पासोचाही तिथंच होता. तिनं पुन्हा मान हलवली.

"हे बग, आता शेवटचं," म्हणत केरबानं एक बोट दाबलं, पंजा दाबला आणि वर आणखी एक बोट. सोळा.

आता मात्र नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिनं होकार दिला. केरबानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि तो मोठ्यानं हसला.

"आप्पासोपरीस बायकू पक्की निगाली गड्या. दोनदा न्हाई म्हनली, डोळ्याची पापनी हलली न्हाई."

माणसं हसली. आडदांड हेडीसुद्धा तिच्याकडं आदरानं बघू लागले. शेजारच्या दाव्यापाशी उभी असलेली मनुबाई पुढं सरकून म्हणाली, "मला बी शिकीव की गं." नाथाजी मात्र खाली मान घालून तंबाखू मळत राहिला.

हरणाबाईही सगळ्यांबरोबर हसली. दुसऱ्यांदा नाही का म्हणाली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

परतीच्या वडापच्या जीपमध्ये भाडं द्यायला तिनं डावा हात पुढं केला. उजव्याची मूठ मिटून मांडीवर ठेवली होती.

"उजवा दुकतुया काय, मावशी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि मूठ पदराखाली घेतली.