मागच्या रांगेचं माप

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाइकाच्या अंगात घालून बघितल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जात नसे. गळ्यात टेप अडकवून मास्तर आरशाशेजारी उभे राहत आणि फर्मावत, "हात वर करा. आता खाली बसा. उठा." माणूस वैतागायचा, पण कपडा असा बसायचा की पुढच्या वेळी निमूटपणे उठाबशा काढायचा.

घरी आल्यावर मास्तरांना एकच वेड, गाणी ऐकायचं. बाहेरच्या खोलीत दोन उंच स्पीकर भिंतीला पाठ लावून उभे, त्यांच्यामध्ये काचेचं कपाट आणि समोर मास्तरांची खुर्ची. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे. काकू, म्हणजे त्यांची बायको, डावीकडच्या भिंतीलगतच्या दिवाणावर मांडी घालून मटार सोलता सोलता ऐकायच्या.

घरातली सगळ्यात लाडकी सीडी काकूंच्याच गायनवृंदाची होती. काकू आणि त्यांची बहीण पोस्टात नोकरीला असताना तिथल्या बायकांनी मिळून एकदा मोठ्या सभागृहात कार्यक्रम केला होता आणि समोर दोन माइक लावून तो कुणीतरी रेकॉर्ड केला होता. काकू उंच, म्हणून शेवटच्या रांगेत. ही थोरली बहीण, अक्का, बुटकी, म्हणून पहिल्या रांगेत, माइकच्या नाकासमोर. त्यामुळे अक्का खणखणीत ऐकू यायच्या आणि काकू शोधून सापडायच्या नाहीत. तेव्हापासून अक्का चारचौघांत सांगत आल्या होत्या, "आमची ही नुसते ओठ हलवायची हो!" सगळे हसत, काकूही हसत. पण अलीकडे एकदा सीडी संपल्यावर त्या सहज बोलून गेल्या, "गायले होते ना हो मी? आता माझी मलाच शंका येते." ते मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं.

त्यानंतर घर रंगवायला काढलं. रंगाऱ्याने स्पीकर भिंतीपासून ओढून चांगले खोलीत पुढे आणले आणि कपाट आत नेलं. संध्याकाळी मास्तरांनी आपली खुर्ची दोघांच्या बरोबर समोर सरकवली, सवयीने सीडी लावली आणि जागच्या जागी उडालेच. गाणं स्पीकरमधून येईचना! ते स्पीकरच्या मागून यायला लागलं. पुढे अक्का, त्यांच्या मागे दुसरी रांग, तिच्याही मागे तिसरी. समोरची भिंत कुठे गेली कुणास ठाऊक.

गाणं संपताना सगळ्या बायका थांबल्या की एक बारीक सूर मागे रेंगाळत असे. इतकी वर्षं मास्तर त्याला सभागृहाचा घुमारा समजत होते. तो घुमारा नव्हता. उजवीकडे, पार मागे, एक बाई सूर सोडायलाच तयार नव्हती. आणि हट्ट न सोडणारी ती बाई मास्तरांच्या चांगल्याच ओळखीची होती.

"अगं, लवकर ये! सापडलीस तू!"

काकू पदराला हात पुसत आल्या, दिवाणावर बसल्या, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ही तर अक्काच."

मास्तर हट्टाला पेटले. रंग वाळताच त्यांनी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कोटाचं जाड गरम कापड टांगलं, कारण मोकळ्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज सगळा गोंधळ करतो. टेप लावून दोन्ही स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर आणले, त्यांची तोंडं किंचित आत वळवली आणि कपाटाला परत यायची बंदी केली. दर खेपेला त्यांच्या कानांना मागची रांग आणखी स्पष्ट, आणखी लांब दिसायला लागे. दर खेपेला ते काकूंना हाक मारत आणि काकू दिवाणावरून नकारार्थी मान हलवत.

"रविवारी अक्का येतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "खोलीच्या मधोमध हे दोन खांब, भिंतीवर कोटांची कापडं. म्हणेल, दुकान घरात आणलं. आणि एक सांगू? उगाच माझी समजूत काढू नका. नसेन मी त्यात, तर नसेन."

बायकोला आपण खोटारडे वाटतो, याचं मास्तरांना भारी वाईट वाटलं.

रविवारी अक्का आल्या. "गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय," म्हणत थेट मास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. थोरल्या मेव्हणीला ऊठ कोण म्हणणार? सीडी लावून मास्तर मुकाट्याने दिवाणावर काकूंच्या शेजारी टेकले.

आणि गाणं सुरू झालं तसे गोंधळले. रांगा कुठे गेल्या? सभागृह कुठे गेलं? सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर रेलून डाव्या स्पीकरला चिकटून गात होत्या. शेवटचा सूर तर कुठल्या कुठे विरून गेला.

तिकडे अक्कांच्या हातातला चहाचा कप मात्र हवेतच थांबला होता.

"अगं बया!" त्या ओरडल्या. "ही तूच की गं! तिथे मागे! गाणं बसवणारे सर थांबायला हात खाली करायचे आणि तुझं आपलं चालूच! किती बोलणी खायचीस त्यापायी!"

"काहीतरीच काय!" काकू म्हणाल्या, पण तोवर त्या दिवाणावरून अर्ध्या उठल्या होत्या.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! दिवाणावर यातलं काही पोचतच नाही! जन्मभर लोकांना उठाबशा काढायला लावल्या आणि घरच्या गिऱ्हाइकाची एकदा ट्रायल घेतली नाही! माप घेतलं माझं आणि कपडा शिवला हिचा. अक्का, उठा. गुडघे दुखोत नाहीतर काही होवो, उठा!"

अक्का चक्क उठल्या. मास्तरांनी काकूंना हाताला धरून खुर्चीत बसवलं. "पाठ टेक. मान सरळ. हलू नकोस."

"इश्श, कपडा बेतताय की काय?" काकू म्हणाल्या. मग गाणं सुरू झालं. हळूहळू त्यांची नजर समोरच्या भिंतीपलीकडे उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबली. पहिली रांग थांबली, दुसरी थांबली, मागची एकटी राहिली. काकूंचे डोळे भरून आले, चेहरा मात्र हसत होता, आणि त्यांनी तोच सूर खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने लावला. सीडीतली थांबली, तरी खुर्चीतली थांबेना.

"अगं, बास की आता!" अक्का हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या. "सर केव्हाच घरी गेले!"

काकूंनी सावकाश सूर सोडला. खुर्ची मात्र सोडली नाही.

"परत लावा हो," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी परत लावलं आणि दिवाणावर जाऊन मटार सोलायला घेतले.