डावा हात वहिनीचा

हॉस्पिटलच्या जिन्यावर पाय घसरला आणि सिस्टरचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर बघून मेट्रनबाई हळहळल्या, पण लगेच म्हणाल्या, "यंदा सुट्टीच्या गाण्यांना स्पीकर लावू. काही बिघडत नाही."

"बिघडतं," सिस्टर म्हणाली.

वर्षअखेरच्या सुट्टीत ज्यांना घरी सोडता येत नाही, अशा पेशंटना खालच्या हॉलमध्ये जमवून ती दरवर्षी पियानो वाजवायची. शाळा सुटली, बॅगा भरल्या, गाडी घराकडे निघाली, अशी सगळ्यांची तोंडपाठ गाणी. गाताना कुणाला धाप लागायची, कुणी मध्येच ओळ विसरायचं.

"स्पीकर कुणासाठी थांबत नाही, बाई. मी थांबते."

"एका हाताने?"

"दुसरा आणते कुठून तरी."

तो कुठे मिळेल हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ती दोन दिवस टाळत राहिली. तिची मोठी नणंद पियानो शिकवायची. "वहिनी वाजवते की भांडी घासते?" असं नणंद एकदा चारचौघांत बोलली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं जेवढ्यास तेवढं. नवऱ्याने तर हातच जोडले, "मला मध्ये घेऊ नका." मग सिस्टर एकटीच नणंदेकडे गेली.

"वन्सं, तुमचा उजवा हात हवाय."

नणंदेने प्लास्टरकडे पाहिलं. "आणि डावा?"

"डावा माझा."

"अगं, त्यापेक्षा मी एकटीच वाजवते की!"

"नको. ती माझी माणसं आहेत. कोण कुठे अडतं ते मला माहीत आहे."

नणंदेने नाक मुरडलं, पण पियानोच्या बाकावर सरकून जागा दिली.

सराव कसला, रोजची झटापट. कोपराला कोपर आपटायचं.

"तुझा हात पेंगतो."

"तुमचा पळतो."

नणंद चिडून पियानोचं झाकण लावायची, सिस्टर ते पुन्हा उघडायची. कितीही बोलणी खाल्ली तरी दुसऱ्या दिवशी दारात हजर.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. पहिली दोन गाणी धकली. तिसरं घरी परतण्याचं. पुढच्या रांगेत एक निवृत्त ट्रामचालक बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी. अर्ध्या ओळीवरच त्यांचा श्वास संपला. नणंदेची बोटं मात्र सुसाट पुढे गेली आणि त्यांच्यामागे अख्खा हॉल.

सिस्टरने डावा हात उचलून सरळ नणंदेच्या हातावर ठेवला. गाणं मध्येच तुटलं. नणंदेचे कान लाल झाले.

"वन्सं, थांबा. त्यांना येऊ द्या."

ट्रामचालकांनी दम खाल्ला. कुणीही घाई केली नाही. मग त्यांनी उरलेली ओळ म्हटली, बेसूर पण खणखणीत. त्यांच्या ओठांकडे बघत नणंदेने एकेक पट्टी दाबली. पुढच्या कडव्यात तिने पट्ट्यांकडे पाहिलंच नाही. शेवटच्या ओळीला तर ती सिस्टरपेक्षाही जास्त थांबली.

टाळ्या ओसरल्यावर ट्रामचालकांनी हात वर केला. "परत घ्या हो बाई. मघाशी माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. या खेपेला वेळेवर पोचवतो."

हॉलभर हशा पिकला. नणंदेने डोळे पुसले, बाही वर सारली. "चल वहिनी. पहिल्यापासून."

सिस्टरचं मनगट ठणकत होतं. तिने डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि ट्रामचालक छातीभर श्वास घेईपर्यंत दोघी थांबून राहिल्या.