एका छपराखाली दोन चुली

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं पार चक्रावलंय. राजापूरच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेत मी वर्षानुवर्षं पेट्यांची लेबलं छापली. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. पुढे हारही थांबला आणि अंगावर धूळ साचली, तरी लेबलं कधी चुकली नाहीत हो!

यंदा संस्थेत काम करणाऱ्या भिवाकाकांची मुलगी दिशा म्हणाली, "याचा ब्लॉकचेन नोड करते." म्हणजे काय? तर खेड, दापोली आणि आम्ही, सगळ्यांच्या कॉम्प्युटरांत पेट्यांची एकच नोंद राहणार. कुणी एकट्याने ती गुपचूप बदलली, तर बाकीचे पकडणार. एवढं कळलं. पुढचं अजून कळत नाही. हे जमलं तर दिशाला संस्थेतच नोकरी, नाहीतर रविवारच्या एसटीने मुंबई. काकांनी तिकीट काढूनही ठेवलं होतं.

नोडचा प्रोग्राम म्हणाला, मला आधी अमुक पॅकेज, म्हणजे आणखी एक जोडप्रोग्राम, हवं. ते आणलं, तर त्याला तमुक हवं. तमुक म्हणालं, माझ्याआधी तिसरं आणा. अरे देवा, ही वरात संपणार तरी कधी? वैतागून दिशाने माझी एक जुनी लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्राम ज्यावर चालतात तो सामायिक कोड, काढली आणि तिचीच नवी आवृत्ती भरली. नोड सुरू झाला, पण लेबलं बंद पडली! जुनी परत ठेवली, तर लेबलं सुरू आणि नोड रुसला. कुणाचं ऐकू मी?

"भंगारात काढा हे धूड," अध्यक्ष सखारामभाऊ म्हणाले.

दिशा रडवेली झाली. मग एकदम वडिलांकडे वळली. "बाबा, आयेची नि काकीची चूल वेगळी केली, तेव्हाच भांडण मिटलं ना?"

"घरातला कशाला काढतेस गो हितं!" भिवाकाका ओशाळले.

पण दिशाने माझ्या पोटात दोन वेगळे कप्पे केले. लेबलांना जुनी लायब्ररी, नोडला नवी. थोड्या वेळाने खेडच्या कॉम्प्युटरने मला हाक मारली आणि मी चक्क ओ दिली! लेबलंही छापली गेली. काकांनी मोबाइलवर तिकीट रद्द केलं आणि नाक शिंकरण्याचं निमित्त करून डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्या आत कोण कुणाच्या आधारावर उभं आहे, हे मला आजही सांगता यायचं नाही. म्हणून विनवतो, जुनं झालं म्हणून काही काढून टाकण्याआधी विचारा, यावर कोण टेकलंय? माझं म्हणाल, तर मी दिशावर टेकलोय. ती एसटीत बसली असती, तर मी भंगारात गेलो असतो.