बिनमिठाचं मटण

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्या घरी प्रत्येकाने एकेक गोष्ट सोडायची असते. नवऱ्याने नेहमीप्रमाणे गोड सोडलं. सासूबाईंनी यंदा चक्क माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं सोडलं. मग मीही इरेला पेटले आणि त्यांना उलट बोलणं सोडलं.

पहिला आठवडा स्वर्ग होता. नंतर माझ्याच घशाखाली घास उतरेना. भाजी करपली तरी सासूबाई मुकाट खायच्या. एरवी जेवायला बसताना कानातलं मशीन काढून ठेवणारे सासरे आता ते लावून बसायचे आणि घड्याळाची टिकटिक ऐकायचे.

ईस्टरचा दिवस उजाडला, सगळ्यांचे नेम सुटले. चर्चमधून आल्याआल्या मी मटणाचं पातेलं टेबलावर आणलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबल्या आणि पुन्हा गुमान खायला लागल्या. माझं डोकंच फिरलं.

"अहो आई, मी मीठच घातलेलं नाही! मुद्दाम! आता तरी बोला ना काहीतरी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत निघाला.

"मिठाचं राहू दे, मटण तरी नीट शिजलंय का?"

"मग स्वतः करायचं होतं!"

सासऱ्यांनी समाधानाने कानातलं मशीन काढलं, खिशात टाकलं आणि ताट पुढे केलं.

"वाढा आता. सण सुरू झाला."