न दाखवायची खोली

ऋताच्या शाळेनं पाचवीतल्या पोरांच्या जोड्या लावल्या होत्या. एक पोर रायपूरचं, एक कोंडागावकडच्या खेड्यातलं. दर बुधवारी पडद्यासमोर बसून एकमेकांचं घर, जेवण, चालीरीती समजून घ्यायच्या. ऋताची जोडीदार जयमती कोर्राम. दोघींची अशी गट्टी जमली की ऋता मंगळवारपासूनच बुधवारची वाट पाहायची.

आणि तिची आई कौमुदी मंगळवारपासूनच कान टवकारून असायची. तिकडचं तिला जे ठाऊक होतं ते टीव्हीवरच्या नक्षलवाद्यांच्या बातम्यांतलं, आणि बातम्यांत तिकडून चांगलं असं कधी काही आलंच नव्हतं.

एका मंगळवारी तिनं लेकीचं जयमतीशी चाललेलं चॅट उघडलं. जयमतीनं विचारलं होतं, घरात खोल्या किती? कोण कुठं झोपतं? बाहेरच्यानं जाऊ नये अशी कोणती खोली आहे का?

"पाहा," तिनं नवऱ्यापुढं फोन धरला. "दहा वर्षांची पोट्टी असं विचारते का? मागून कोणी मोठं माणूस विचारून राहिलं."

नरेश बूट पुसत होता. "विचारू दे ना. आपल्याकडे काय पुरलं आहे? तुझे रिकामे डबे?"

"तुमाले मस्करीच सुचते. पप्पा मंत्रालयात आहेत, हे ऋतानं तिले पहिल्याच दिवशी सांगून टाकलं."

नरेशचा बुटावरचा हात थांबला.

कौमुदीनं टीचरला लिहिलं, जोडी बदला. सोबत चॅटचा फोटोही जोडला. तरी तिला राहवेना. बुधवारी ती स्वतःच ऋताच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"बेटा, कमरों का पूछने को किसने बोला?"

जयमतीनं घाबरून इकडंतिकडं पाहिलं. "किसी ने नहीं, आंटी. हमारे घर में पुरखों का कमरा है, बाहर वालों को नहीं ले जाते. अगले हफ्ते घर दिखाना है ना? ऋता को गलती से बोल दूँ, ये भी दिखा, तो? इसलिए पहले पूछ लिया."

"अच्छा," कौमुदी पुटपुटली.

संध्याकाळी टीचरचा निरोप आला. चॅटचा फोटो तिनं तिकडच्या शाळेला पाठवला होता. तो पाहून जयमतीच्या वडिलांनीच तिचं नाव काढून घेतलं. म्हणाले, पोरींचं बोलणं चोरून वाचतात, त्या घराशी आमचं काही नको.

ऋतानं निरोप वाचला. "फोटो तुमने भेजा, मम्मी? मुझसे पूछ तो लेतीं!"

कौमुदीनं तिथल्या तिथं टीचरला फोन लावला. "मॅडम, जयमतीच्या वडिलांचा नंबर द्या ना."

टीचर मराठीच होती. तिनं विचारलं, "नंबर? काहून पाहिजे तुमाले?"

"माफी मागायची आहे."

पलीकडून सावकाश उत्तर आलं, "त्याइले विचारते पहिले. नाही म्हणाले तं नाही देणार."

ऋता दारातच उभी होती. कौमुदीनं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हव मॅडम. विचारा."