लाखेचा ठिपका

हातातल्या जुन्या कार्डावरचा पत्ता दुकानाच्या पाटीशी ताडून पाहताना उपसंपादक बाईंनी आपला फायदा मनातल्या मनात मोजून घेतला. कोशाच्या नव्या आवृत्तीत स्वतःची एक नोंद. शिवाय प्रमुख संपादकांची चूक काढल्याचं सुख, जे कार्यालयात आजवर कोणाच्याही पदरी पडलं नव्हतं. मग त्यांना पाठीमागे ‘शंकासूर’ म्हणणाऱ्यांनाही जरा खालच्या आवाजात म्हणावं लागलं असतं.

शब्द होता ‘मुलामा’. अरबीतून आलेला, मुळाशी नुसतं चमकणं. मग त्यात फसवणूक शिरली कुठून? आणि तीस वर्षांपूर्वी प्रमुखांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या या कार्डावर ‘फसवं रूप’ हा अर्थ पहिला आणि ‘सोन्याचं पाणी’ हा दुसरा, असा उलटा क्रम का? बाईंनी विचारलं होतं. प्रमुखांनी मान वर न करता “असू द्या तसंच” म्हटलं होतं. पान सोमवारी छापायला जायचं होतं. आधाराशिवाय कार्ड पेटीत टाकायचं नाही, ही कार्यालयाची शिस्त. म्हणून कार्डाच्या तळाशी, आधाराच्या जागी, मुलामा देणाऱ्या या दुकानाचा पत्ता होता.

आत म्हातारा कारागीर घड्याळाचं पितळी झाकण पुसत होता. बाईंनी येण्याचं कारण सांगितलं. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

“फसवणूक बघायला आलात होय? ती इथं होत नाही, बाई. ती गिऱ्हाईक घरी गेल्यावर होते.”

त्यानं झाकणाच्या पाठीवर लाखेचा मोहरीएवढा ठिपका ठेवला, झाकण तारेला अडकवलं आणि सोन्याच्या पाण्यात सोडलं. बाहेर निघालं ते पिवळंधमक. मग त्यानं नखानं लाख उडवली. खालून पितळ डोकावलं.

“वडिलांची पद्धत. ज्याला बघायचंय, त्याला दिसलं पाहिजे.”

बाईंची पेन्सिल धावू लागली. म्हणजे धंदा सरळ होता, लबाडी मागाहून आली. क्रम चुकलाच होता. खुशीतच त्यांनी विचारलं, ठिपका नको असं कोणी म्हणत नाही का?

“सगळेच म्हणतात. मी ऐकत नाही.” तो झाकण पुसत राहिला. “एकाचं ऐकलं. पदक होतं, उघडं पुस्तक आणि त्यावर दिवा. खरं सोन्याचं विकून हे पितळेचं ओतून आणलं होतं. कसलासा मोठा ग्रंथ कागदावाचून अडला होता म्हणे. तुम्ही बसलात ना, त्याच स्टुलावर बसले होते. मुलामा शब्द कुठून आला, तेही त्यांनीच मला सांगितलं.”

पेन्सिल थांबली. ते पदक बाई दर शनिवारी पुसत. प्रमुखांच्या खुर्चीमागे, काचेच्या कपाटात. पाहुण्याला आधी तेच दाखवायची पद्धत होती.

त्यांनी कार्ड पुन्हा पाहिलं. तारीख कोशाचा पहिला खंड निघाला त्या वर्षाची होती. आधार म्हणून कुठल्याही जुन्या कोशाचं नाव चाललं असतं. असे कोश कपाटं भरून पडले होते. पत्ता मात्र दुकानाच्या क्रमांकासकट, स्वच्छ अक्षरात लिहिला होता; ज्याला बघायचंय, त्याला दिसावा असा.

दुपारी कार्यालयात प्रमुख मुद्रितं तपासत होते.

“सापडलं दुकान?”

“सापडलं.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या मागे पदक चमकत होतं.

“मग क्रम बदलायचा?”

बाईंनी कार्ड पेटीत, होतं तिथं सरकवलं.

“नको, सर. आधार पक्का आहे.”

“हं.” त्यांनी पुढचं मुद्रित ओढलं. “पत्ता तपासायला फार वर्षं लावलीत तुम्ही लोकांनी.”

बाई जागेवर येऊन बसल्या आणि सकाळचा हिशेब त्यांनी नव्यानं मांडला. कारागिराची पद्धत एकदा मोडली होती. प्रमुखांचं सोनं गेलं होतं, आणि आज बाईंची स्वतःची नोंद गेली. फुकटात मिळणार होतं ते फक्त कोशात ‘मुलामा’ काढून बघणाऱ्याला.