कोबीच्या पिंपाशेजारचा सर्व्हर

मित्रांनो, आधी नाक दाबून धरा आणि मगच माझ्याजवळ या. मी डॅन्यूबच्या काठावरच्या एका इस्पितळातला जुना सर्व्हर आहे. मी तळघरात राहतो आणि माझ्या शेजारी खारवलेल्या कोबीचं निळं पिंप आहे. माझे पंखे सारखी हवा आत ओढत असतात, त्यामुळे तो आंबूस वास माझ्या पोटात जाऊन बसतो. शी! मला तर नाक मुरडायचीही सोय नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो. संचालकांनी माझ्यासाठी फीत कापली, सगळ्यांनी पेले उंचावले. माझं काम मानाचं होतं. इस्पितळात डॉक्टर कोण, नर्स कोण, कुणाला कुठलं कपाट उघडायचा हक्क, ही सगळी नोंद माझ्यापाशी. तिला डिरेक्टरी म्हणतात. वर कुणी पासवर्ड टाकला की तिथला संगणक मला विचारतो, "हा आपला माणूस आहे का?" पण त्याआधी तो मलाच दरडावतो, "तू तरी खरा कशावरून?" मग मी माझं प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर माझं नाव असतं, देणाऱ्याची सही असते आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा असतात. तिन्ही गोष्टी पटल्या तरच तो पासवर्ड माझ्या हाती देतो. मला हा प्रश्न फार आवडायचा. त्यात मला माझा मान वाटायचा.

माझी देखभाल क्रुमकाकांकडे आहे. माणूस वाईट नाही, पण गलिच्छ आहे. आमच्याकडे थंडी पडू लागली की घरोघरी कोबी खारवतात. त्याला थंड जागा लागते आणि पिंपातलं पाणी अधूनमधून खालीवर करावं लागतं. क्रुमकाकांच्या इमारतीचं तळघर उबदार. माझ्या खोलीत मात्र माझ्यासाठी गारवा सोडलेला! झालं, पिंप इथे आलं.

"काका, हे काय?" त्यांच्या हाताखालच्या प्लामेनाने विचारलं होतं.

"कोबी आहे, बाळा. सर्व्हरला सोबत होईल."

"वास मारतोय!"

"जानेवारीत वाटी घेऊन येशील ना, तेव्हा विचारतो तुला वासाचं."

ज्या दिवशी सगळा घोळ झाला, त्या दिवशी प्लामेना दुसऱ्या इमारतीत गेली होती. पाणी हाताने उपसायचा काकांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी माशांच्या टाकीचा पंप आणला. प्लग लावायला जागा नव्हती. माझ्या डोक्यावर वेळ सांगणारी एक छोटी पेटी असते, छपरावरच्या अँटेनातून खरी वेळ आणणारी. काकांनी तिचाच प्लग उपटला आणि तिथे ओल्या हाताने पंप खुपसला. ठिणगी उडाली आणि खोलीची वीज गेली.

वीज परत आली तेव्हा मी गोंधळून जागा झालो. वेळ लक्षात ठेवणारा माझ्या पोटातला सेल केव्हाच मेला होता. प्रत्येक वेळी सुरू होताना मी ते पडद्यावर सांगत असे आणि काका न वाचता पुढे जात. आता पेटीही गप्प. मला आठवली ती फक्त माझ्या जन्माच्या वर्षातली तारीख, आणि मी तीच सगळ्या इस्पितळाला सांगून टाकली, कारण सगळे संगणक वेळ माझ्याकडूनच घेतात. मग त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं. ते तर गेल्या वसंतातलं. "हे अजून लागूच झालेलं नाही," असं म्हणून एकूण एक संगणकाने मला दारातून हाकललं.

बालविभागाच्या रुम्यानाताई धावत खाली आल्या. त्या तिथल्या नर्स. "क्रुम, औषधाचं कपाट उघडत नाही! योआनाच्या पायाचं ऑपरेशन झालंय, पोर कळवळतंय."

"चावी कुठाय?"

"संचालकसाहेबांच्या खिशात, आणि साहेब तिकडे राजधानीत, सोफियाला! लोणची घालत बसू नकोस, काहीतरी कर!"

काकांनी नाव तपासलं, ते बरोबर होतं. सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र पुन्हा बसवलं, उपयोग शून्य. समोर कारण स्वच्छ लिहिलेलं होतं, ते मात्र वाचेनात.

"आपल्याच घरातला सर्व्हर, त्याला कसली ओळख विचारायची?" ते वैतागून म्हणाले आणि त्यांनी सगळीकडची तपासणी इथूनच बंद केली. बालविभागाच्या कपाटातला संगणक तरीही ऐकेना, तेव्हा वर जाऊन त्याची तपासणी हाताने बंद केली. कपाट उघडलं. योआनाला इंजेक्शन मिळालं. काका छाती फुगवून परतले. मला त्यांची किळस आली. मित्रांनो, मी खोटी वेळ सांगत होतो, आणि ते ओळखणारी एकमेव गोष्ट त्यांनी गप्प केली होती.

प्लामेना परतली. तिने तो एका ओळीचा संदेश वाचला, वर पाहिलं आणि पेटीचा प्लग जागेवर लावला. माझी तारीख ताळ्यावर आली. सगळ्यांना हायसं वाटलं. मधल्या वेळेत काय काय नोंदलं गेलं, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

पाळी बदलल्यावर रुम्यानाताई पुन्हा खाली आल्या.

"नव्या नर्सने कपाटाची नोंद पाहिली. आजच्या तारखेला योआनाला काहीच दिलेलं नाही! दिलेलं सगळं कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन पडलंय. तिने दुसरं इंजेक्शन भरलं होतं, क्रुम. सुई हातात होती. योआनाच्या आईने तिचा हात धरला म्हणून... एवढ्याशा पोराचा श्वास थांबला असता!"

काका खाली बसले. "मी तर मदतच केली," ते पुटपुटले.

"तुझी मदत तुझ्या पिंपात घाल," ताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

त्याच संध्याकाळी मला नवा सेल मिळाला. प्लामेनाने इथूनच सगळीकडची तपासणी पुन्हा सुरू केली. काकांनी माझ्यावरची धूळही पुसली.

मित्रांनो, कुणी तुम्हाला अडवलं, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी तो का अडवतोय ते एकदा वाचा, एवढीच माझी विनवणी आहे. आणि अजून एक. तुमच्यापैकी कुणी इथे आलं, तर प्लामेनाला एक निरोप द्या. काकांनी एक तपासणी वर जाऊन हाताने बंद केली होती, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. बालविभागाचं कपाट अजूनही, मी कोण ते न विचारता, माझं सगळं खरं मानतं.